दोरी कोणाच्या हाती? फ्रीमाँटच्या कारखान्याचे प्रकरण

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटजवळ ८८० क्रमांकाच्या हमरस्त्यावरून जाताना एक लांबच लांब पांढरी इमारत दिसते. त्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती टेस्लाचा कारखाना म्हणून ठाऊक आहे. मला ती दुसऱ्याच कारणासाठी जवळची वाटते. कामाची घडी बदलली तर काय होते आणि नुसती यंत्रे बदलली तर काय होते, हे वेगवेगळे करून दाखवणारा प्रसंग उद्योगाच्या इतिहासात क्वचितच सापडतो. एरवी कंपनी दोन्ही एकदम करते, त्यातच माणसे बदलते, मालही बदलते. मग फायदा कशामुळे झाला हे सांगायची वेळ आली की प्रत्येक खाते श्रेय आपल्याकडे ओढते. फ्रीमाँटमध्ये इमारत तीच राहिली, युनियन तीच राहिली आणि कामगारही बहुतेक तेच राहिले. बदलली ती काम करण्याची रीत.

हा कारखाना मूळचा जनरल मोटर्सचा, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिलेला. १९८२ मध्ये कंपनीने त्याला टाळे ठोकले, तेव्हा कंपनीच्या सर्वात वाईट कारखान्यांत त्याची गणना होत होती. रोज पाचातला एक कामगार गैरहजर असे. शिफ्ट चालू असताना दारू चाले. वेळोवेळी युनियनच्या परवानगीविना संप झाले होते आणि तक्रारअर्ज हजारोंनी दाखल होत होते. पुढे कामगारांनीच सांगितलेल्या आठवणी ऐकवत नाहीत. गाडीच्या दाराच्या पोकळीत कोणी मुद्दाम बाटली टाकून ठेवी, म्हणजे गाडी घेणाऱ्याला खडखड ऐकू यावी, पण ती कुठून येते ते कधी सापडू नये.

अशा ठिकाणी ‘माणसेच खराब’ असे म्हणणे फार सोपे असते आणि व्यवस्थापनाचे मत तेच होते. पण कामाचा मुख्य नियम काय होता ते पाहा. जुळणीची लाइन थांबवायची नाही. चुकीचे इंजिन बसले, बोल्ट राहिला, काच तडकली, तरी गाडी पुढे जाणार. मग ती बाहेर आवारात उभी राहणार आणि दुसरी टोळी ती उघडून दुरुस्त करणार. सुपरवायझरची किंमत दिवसाला किती गाड्या बाहेर पडल्या यावर ठरायची, किती धड बाहेर पडल्या यावर नाही. प्रत्येक कामाला किती सेकंद लागावेत हे सुमारे ८० इंडस्ट्रियल इंजिनिअर ठरवत, आणि ज्याला ते काम करायचे त्याला कोणी विचारत नसे. दोष सर्वात आधी ज्याच्या नजरेला पडतो, त्याच माणसाला तो सांगण्याची सोय नव्हती. वर्षानुवर्षे अशा लाइनवर उभ्या राहिलेल्या माणसाने दारात बाटली टाकली, तर मी त्याचे समर्थन करणार नाही, पण ती कुठून आली हे मला कळते.

फेब्रुवारी १९८३ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचा करार झाला. जपानी गाड्यांच्या आयातीवर १९८१ पासून मर्यादा होती, त्यामुळे टोयोटाला अमेरिकेत पाय रोवायचा होता आणि अमेरिकी कामगारांबरोबर आपली पद्धत चालते का हे अजमावायचे होते. जनरल मोटर्सला एक चांगली छोटी गाडी हवी होती आणि टोयोटाचे गुपित आत शिरून पाहायचे होते. कारखान्याचा कारभार टोयोटाकडे आला आणि तात्सुरो टोयोडा अध्यक्ष झाले. या भागीदारीला न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग असे लांबलचक नाव मिळाले. सगळे तिला ‘नुम्मी’ म्हणत.

खरी परीक्षा भरतीत होती. युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियनने जुन्या कामगारांना परत घ्यावे असा आग्रह धरला आणि टोयोटाने तो मानला. सुरुवातीच्या कामगारांत सुमारे ८५ टक्के जुन्याच कारखान्यातले होते, युनियनचे कडवे कार्यकर्तेही त्यांत होते. टीम लीडर आणि ग्रुप लीडर म्हणून निवडलेल्या साडेचारशे जणांना जपानला टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात सुमारे तीन आठवडे पाठवले. आयुष्यभर दुसऱ्याच्या घड्याळावर काम केलेल्या या माणसांनी तिथे पहिल्यांदा पाहिले की लाइनवरचा कामगार बोलतो आणि वरचा माणूस थांबून ऐकतो. डिसेंबर १९८४ मध्ये नुम्मीतून पहिली शेवरोले नोव्हा बाहेर पडली.

आता दोरीबद्दल. लाइनच्या कडेने, डोक्यावर, हाताला येईल अशी एक दोरी असते. तिला अँडनची दोरी म्हणतात. काही चुकले, काही पुरे होत नाही असे वाटले की कामगार ती ओढतो. लगेच एक सूर वाजतो आणि वरच्या फलकावर त्या स्टेशनचा दिवा लागतो. टीम लीडर धावत येतो, ओरडायला नव्हे, मदतीला. गाडी त्या स्टेशनच्या हद्दीपर्यंत पोचण्याआधी प्रश्न सुटला तर लाइन चालूच राहते, नाही सुटला तर थांबते. ज्या छताखाली लाइन थांबवणे हा मोठा गुन्हा होता, त्याच छताखाली आता ते प्रत्येक कामगाराचे काम ठरले.

दोरी एकटी काही करत नाही. तिच्याभोवती बरेच काही बदलले होते. जुन्या कारखान्यात कामांच्या ढीगभर श्रेणी होत्या, एका श्रेणीच्या माणसाने दुसऱ्या श्रेणीच्या कामाला हात लावायचा नाही. नुम्मीत उत्पादनातल्या सगळ्यांची एकच श्रेणी झाली. पाच ते सात जणांची टीम झाली आणि टीममधल्यांनी कामे आळीपाळीने करायची असे ठरले. स्टॉपवॉच इंजिनिअरच्या हातातून कामगारांच्या हातात गेले. कोणत्या क्रमाने, किती सेकंदांत काम करायचे हे टीम स्वतः मोजून कागदावर लिही, दुसऱ्या शिफ्टच्या टीमशी ताडून बघे आणि अधिक चांगली रीत सापडली की तो कागद बदले. कामाचे मोजमाप गेले नाही, उलट अधिक काटेकोर झाले. पण ते आता ज्याचे त्याने करायचे होते. साहेबांचे वेगळे जेवणघर आणि गाडी लावायच्या राखीव जागा गेल्या. याला मी फार महत्त्व देत नाही, आपल्याकडेही असे बरेच कारखाने करतात. स्टॉपवॉच मात्र फार थोडे देतात.

निकालाचे आकडे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मोटार-उद्योग संशोधनातून आले. ते मोजणाऱ्यांत जॉन क्रॅफ्चिक होते. नुम्मीने नोकरीवर घेतलेले ते पहिले अमेरिकी इंजिनिअर, आणि ‘लीन’ (कमी साठा, कमी वाया घालवणे) हा शब्द उत्पादनाच्या संदर्भात १९८८ मध्ये त्यांनीच रूढ केला. त्यांच्या तुलनेनुसार जनरल मोटर्सच्या जुन्या पद्धतीने चालणाऱ्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात एका गाडीच्या जुळणीला ३१ मनुष्यतास लागत होते. ताकाओकात १६ लागत आणि नुम्मीत १९. शंभर गाड्यांमागे दोष फ्रेमिंगहॅममध्ये १३० च्या घरात होते, ताकाओकात ४५ आणि नुम्मीतही ४५. गैरहजेरी २० टक्क्यांवरून ३ ते ४ टक्क्यांवर आली. सगळ्यांनी ‘खराब’ ठरवलेली माणसे दोन वर्षांत जपानी कारखान्याच्या तोडीची गाडी बनवू लागली.

यंत्रे अजिबात नवी नव्हती असे मी म्हणणार नाही. पत्रे दाबण्याचा विभाग नव्याने बांधला होता आणि बॉडी शॉपमध्ये वेल्डिंगला रोबोट होते. पण जनरल मोटर्स स्वतःच्या इतर कारखान्यांत त्याच वर्षांत जे करत होती, त्यापुढे हे तंत्र साधेच होते.

कंपनीचे प्रमुख रॉजर स्मिथ यांचा भर माणसांवर कमी आणि यंत्रांवर जास्त होता. १९८२ मध्ये जपानच्या फानुकबरोबर रोबोटची कंपनी काढली. १९८४ मध्ये अडीचशे कोटी डॉलर मोजून ईडीएस ही संगणक सेवा देणारी कंपनी विकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी ह्यूज एअरक्राफ्ट. याच हौसेतून डेट्रॉइट-हॅमट्रॅमॅकचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच्यासाठी पोलटाउन नावाची वस्ती उठवली होती आणि ते प्रकरण मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. तिथे २६० रोबोट होते, चालकाशिवाय फिरणाऱ्या गाड्या सुटे भाग वाहून नेत आणि सगळ्याचे नियंत्रण संगणकाकडे होते. रंग देणारे रोबोट एकमेकांनाच रंगवू लागले. एका ठिकाणी संगणक अडला की सगळी साखळी अडे आणि बाहेरचा तज्ज्ञ येईपर्यंत शेकडो माणसे नुसती उभी राहत. वर्षभरानंतरही कारखाना ठरवलेल्या वेगाच्या जेमतेम निम्म्यावर होता.

हे वाचून यंत्रांवर खापर फोडायचे असेल तर थांबा. तेच रोबोट पुढे वर्षानुवर्षे जगभर उत्तम चालले. हॅमट्रॅमॅकमध्ये माहितीचा प्रवाह एकाच दिशेने होता, वरून खाली. काय करायचे ते संगणक सांगणार, माणूस करणार. रंगाच्या नळीतून थेंब गळतो आहे हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दिसत होते, पण त्याच्या दिसण्याला त्या रचनेत जागा नव्हती. फ्रीमाँटच्या जुन्या कारखान्यातला दोष नव्या, महागड्या रूपात तिथे जाऊन बसला होता. नुम्मीतले माहिती तंत्रज्ञान म्हणजे एक दोरी, एक दिव्यांचा फलक आणि सुट्या भागांच्या खोक्याला लावलेले कानबान कार्ड, म्हणजे कोणता माल किती हवा ते मागे कळवणारी चिठ्ठी. पण माहिती खालून वर जात होती, आणि ती पोचली की कोणीतरी धावत येत होते.

साठ्याकडे पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. फ्रेमिंगहॅममध्ये सरासरी दोन आठवड्यांचा माल पडून असे, नुम्मीत दोन दिवसांचा (बरेच भाग जपानहून बोटीने येत, नाहीतर आणखी कमी झाला असता), ताकाओकात दोन तासांचा. आतल्या खोलीत किती उरले आहे आणि उद्या किती लागणार हे ज्याला माहीत नसते, तो साठा करतो. तो साठा भांडवल खातो आणि वाईट भाग आठवडाभर लपवून ठेवतो.

चाकण-भोसरी पट्ट्यात सुट्या भागांच्या कारखान्यांमध्ये मी बरीच वर्षे काढली, म्हणून हे जास्त लागते. एका कारखान्यात आम्ही मोठा खर्च करून ईआरपी, म्हणजे साठा-उत्पादनाच्या नोंदींची संगणक-प्रणाली, बसवले. शिफ्टमध्ये काय झाले याची नोंद ऑपरेटर करत नव्हता. रात्री डेटा एंट्रीचा मुलगा कागदावरून टंकत असे. रिजेक्शनचा आकडा महिनाअखेरीला ‘बसवला’ जाई. स्टोअरकीपरच्या खिशात एक छोटी वही होती आणि खरा साठा फक्त त्या वहीत होता. संगणकाचा आकडा ऑडिटरसाठी, वहीचा आकडा लाइनसाठी. मी त्यांना एकदा विचारले की भाऊ, हाच आकडा तुम्ही सिस्टीममध्ये का टाकत नाही? ते म्हणाले, “साहेब, मला बघायचा पासवर्ड दिलाय, बदलायचा नाही.” त्या दिवसापासून मी कुठल्याही कारखान्यात गेलो की आधी त्या वहीचा शोध घेतो.

१९८७ मध्ये, म्हणजे नुम्मी जोरात असताना आणि हॅमट्रॅमॅक धापा टाकत असताना, अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी लिहिले की संगणकयुग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले. तीन वर्षांनी आर्थिक इतिहासाचे अभ्यासक पॉल डेव्हिड यांनी विजेच्या इतिहासाकडे बोट दाखवले. गिरण्या-कारखान्यांत वीज आली तेव्हा मालकांनी वाफेचे मोठे इंजिन काढून त्याच जागी एक मोठी मोटर बसवली आणि दांडे-पट्ट्यांची जुनी मांडणी तशीच ठेवली. खरा फायदा दिसला तो प्रत्येक यंत्राला आपली मोटर मिळाली आणि मालाच्या वाटेप्रमाणे कारखाना नव्याने मांडता आला तेव्हा, म्हणजे अमेरिकेत १९२० च्या दशकात. पुढे ब्रेस्नॅहन, ब्रिन्योल्फसन आणि हिट या संशोधकांनी अमेरिकेतल्या सुमारे ३०० मोठ्या कंपन्या तपासल्या. संगणक, निर्णयाचे अधिकार खाली देणारी कामाची रचना आणि कुशल माणसे ही तिन्ही एकमेकांना पूरक आहेत, असे त्यांना आढळले. नुसता संगणक घेणाऱ्यांचे फारसे भले झाले नव्हते. मोटार कारखान्यांचा जगभर अभ्यास करणाऱ्या मॅकडफी यांचाही निष्कर्ष याच वळणाचा होता. टीम, बदलती कामे, प्रशिक्षण आणि कमी साठा हे एकत्र आले तर फळ मिळते, एकेकटे उचलले तर नाही.

जनरल मोटर्सला हे फुकट शिकायला मिळाले होते. भागीदार तीच होती, तिचे व्यवस्थापक नुम्मीत काम करून परत जात होते. एकाला तर कारखान्याचा कोपरान् कोपरा कॅमेऱ्यात टिपून आणायला सांगितले होते, म्हणजे तसाच कारखाना उभा करता येईल. दोरीचा फोटो मिळाला. दोरी ओढल्यावर कोण येते, काय बोलते, रागावते की नाही, हे फोटोत कसे येणार? लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नायस कारखान्यात टीमची पद्धत आणायचा प्रयत्न झाला, तेव्हा कामगारांना त्यात नोकरी जाण्याचा वास आला, युनियन आतून दुभंगली आणि १९९२ मध्ये तो कारखानाच बंद झाला. लाइन थांबवणाऱ्या सुपरवायझरला जर महिन्याच्या बैठकीत गाड्यांचा आकडा कमी का म्हणून बोलणी बसणार असतील, तर दोरी लटकत राहते आणि तिला कोणी हात लावत नाही.

नोकरीच्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण माझ्या मते सगळ्याचा पाया तिथे आहे. कामगाराने आपले काम १९ सेकंदांऐवजी १५ सेकंदांत करायची युक्ती का सांगावी? त्यातून एक माणूस कमी होणार आणि तो कदाचित आपणच असू, हे त्याला कळते. नुम्मीच्या करारात लिहिले होते की कंपनीच्या अस्तित्वावर बेतल्याशिवाय कपात होणार नाही आणि त्याआधी व्यवस्थापनाचे पगार कमी होतील, बाहेर दिलेले काम आत आणले जाईल. १९८८ मध्ये नोव्हाची विक्री पडली आणि कारखाना क्षमतेच्या सुमारे ६० टक्क्यांवर आला, तेव्हा हा शब्द कसाला लागला. कोणालाही काढले नाही. रिकाम्या माणसांना प्रशिक्षण दिले आणि सुधारणेच्या कामांना लावले. १९९१ मध्ये कामगारांनी १०,००० हून अधिक सूचना दिल्या आणि त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक अमलात आल्या. आमच्या पट्ट्यात भिंतीवर कायझेनचे (सतत सुधारणेचे) फलक झळकतात आणि लाइनवर सहा महिन्यांच्या कराराची मुले उभी असतात. सातव्या महिन्यात आपण इथे नसणार हे ज्याला माहीत आहे, त्याच्याकडून सूचनेची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. तो दोरीही ओढणार नाही.

नुम्मी स्वर्ग नव्हता. जुन्या कारखान्यात कामगार मिनिटातले सुमारे ४५ सेकंद प्रत्यक्ष काम करत असे, नुम्मीत ५७. मधल्या बारा सेकंदांत माणूस पाठ ताठ करतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो. १९९३ च्या सुरुवातीला नव्या मॉडेलच्या वेळी हात-मनगटांच्या दुखापती वाढल्या आणि कॅलिफोर्नियाच्या कामगार सुरक्षा खात्याने कारखान्याला नोटीस बजावली. त्यानंतर शरीराला झेपेल अशी कामाची मांडणी करण्याकडे नीट लक्ष गेले. उत्पादकतेच्या आकड्यात मनगट दिसत नाही, म्हणून ते वेगळे मोजावे लागते. आणि पद्धत तीच असली म्हणजे निकाल तोच येतो असेही नाही. किर्लोस्कर समूहाच्या भागीदारीतला टोयोटाचा बिडदीचा कारखाना याच घराण्यातला, तरी तिथे २०१४ आणि २०२० मध्ये टाळेबंदीपर्यंत गोष्टी गेल्या.

जून २००९ मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली आणि भागीदारीतून बाहेर पडली. १ एप्रिल २०१० रोजी शेवटची कोरोला बाहेर आली. तोवर इथे सुमारे ८० लाख गाड्या बनल्या होत्या आणि शेवटच्या दिवसांत सुमारे ४,७०० माणसे कामावर होती. त्यांचे काम वाईट म्हणून कारखाना बंद झाला नाही, हे लिहून ठेवायलाच हवे. पुढच्याच महिन्यात टेस्लाने तो ४ कोटी २० लाख डॉलरना विकत घ्यायचे ठरवले.

टेस्लाने २०१७ मध्ये मॉडेल ३ ची लाइन सुरू केली ती जवळजवळ सगळी रोबोटच्या हवाली करायच्या उमेदीने. आठवड्याला ५,००० गाड्या वर्षाअखेरीस निघायच्या होत्या. निघाल्या नाहीत. सुटे भाग पोचवणारे कन्व्हेयरचे गुंतागुंतीचे जाळे शेवटी उपटून काढावे लागले, आणि एप्रिल २०१८ मध्ये इलॉन मस्क यांनी जाहीरपणे कबूल केले की अति यांत्रिकीकरण ही चूक होती आणि ती त्यांची स्वतःची होती. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ५,००० चा आकडा गाठला गेला. त्याला हातभार लागला तो इमारतीबाहेर घाईने उभारलेल्या एका मोठ्या तंबूतल्या लाइनचा. तिथे यंत्रे कमी होती आणि माणसांचे हात जास्त. हा तंबू उभा राहिला त्याच आवारात, जिथे १९८२ पूर्वी अर्धवट गाड्या दुरुस्तीची वाट पाहत रांगेने उभ्या असायच्या.